मामांच्या सहीशिवाय पिल्लू मिळणार नव्हतं

मी पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासते. दुसऱ्याच्या अर्जातली रिकामी जागा मला लांबूनच दिसते. पण कुत्र्याचं पिल्लू आणायला चार पानी फॉर्म भरावा लागेल आणि त्यातली एक जागा अठरा दिवस रिकामी राहील, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. "रस्त्यावर ढिगानं आहेत की, एक उचलून आण," असं दिरानं सांगितलंच होतं. (पाळायचंच तर शिकारी जातीचं मुधोळ पाळ, गावठी काय पाळायचं, हेही त्याचंच.) आता सगळे टप्पे उरकलेत. आम्हाला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

सुरुवात झाली 24 ऑगस्ट 2025 ला, रविवारी. दोन दिवस आधी भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा सुधारित आदेश आला होता. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून पकडली त्याच भागात सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. शिवाय कुणाला दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र ते जनावर पुन्हा रस्त्यावर येऊ द्यायचं नाही. टीव्हीवर भांडणं चालली होती. चौथीतल्या लेकीनं त्या सगळ्यातून 'दत्तक' एवढा एकच शब्द उचलला आणि दिवसभर सोडला नाही.

कोल्हापूर शहराबाहेर, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्याला प्राण्यांचा एक निवारा आहे. ऑफिसातल्या एकीनं नंबर दिला. फोन उचललेल्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बातम्या बघून फोन केलाय का?" मी प्रामाणिकपणे हो म्हटलं. "मग तीन दिवसांनी परत करा. तेव्हाही हवं असलं तर फॉर्म पाठवते." मला जरा राग आला. आमच्याकडं कर्ज मागायला आलेल्याला आम्ही असं कधी परत पाठवत नाही. पाठवायला हवं, हे आता वाटतं.

27 तारखेला गणेश चतुर्थी होती. सारण ढवळता ढवळता फोन केला, फॉर्म आला.

पहिली दोन पानं सोपी. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसा घरी कोण असतं, गावाला गेलात तर कोण बघणार. मग एक प्रश्न होता: गेल्या वर्षभरात घरात एखादं कुत्रं पार्व्होनं दगावलं आहे का? हा विषाणू जमिनीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो, नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना निवाऱ्यातले लोक लहान पिल्लू देत नाहीत, लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं सुचवतात. पुढचा प्रश्न: पुढची बारा ते पंधरा वर्षं जबाबदारी घ्यायची तयारी आहे का? नवरा म्हणाला, "हप्तेपण तेवढेच राहिलेत. दोन्ही एकदमच फिटतील."

शेवटच्या पानावर अठरा वर्षांवरच्या, घरात राहणाऱ्या प्रत्येकाची सही. मी केली, नवऱ्यानं केली. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, चष्मा शोधून केली. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "मला काय इचारतीस? तुमचं तुम्ही काय करायचं ते करा. माझी सही मिळायची न्हाई."

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. आमच्या घरात सगळ्यात कमी हट्ट करणारा माणूस. कुत्री त्यांना आवडत नाहीत हे माहीत होतं. रंकाळ्यावर सकाळी फिरताना समोर कुत्रं दिसलं की ते रस्ता ओलांडतात. पण त्यामागं काही असेल असं मला लग्नाच्या बारा वर्षांत वाटलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. त्यांची सही सोडून फॉर्म पाठवला. उत्तर आलं: "बघायला या, पण एक सही कमी आहे."

31 ऑगस्टला आम्ही तिघं गेलो. बघायला या, न्यायला नाही, असं दोनदा बजावलं होतं. अनंत चतुर्दशी होईपर्यंत ते कुठलंच पिल्लू बाहेर देत नाहीत. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना कारण सांगायला नको. काचा थरथरतात तिथं दोन महिन्यांच्या जिवाचं काय होणार.

निवारा म्हणजे पत्र्याच्या शेड, एका बाजूला चुलीवर भाताचं मोठं पातेलं, सगळीकडं ब्लीचचा वास. तीन पायांची दोन कुत्री दारातच स्वागताला. बऱ्याच जणांच्या एका कानाला त्रिकोणी खाच होती. मला वाटलं भांडणात फाटलाय. ती नसबंदी झाल्याची खूण, लांबून ओळखता यावी म्हणून भूल दिलेली असतानाच करतात. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या कुत्र्यांच्या कानाला तशी खाच आहे, आणि मी ती रोज बघून न बघितल्यासारखी करत होते.

लेकीनं पिल्लू निवडलं. पांढरंशुभ्र, डाव्या डोळ्यावर काळा ठिपका. फॉर्मवर त्याचा नंबर लिहिला, फोटो काढला, तो फोटो आठवडाभर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर.

5 सप्टेंबरला, शुक्रवारी दुपारी, मी ऑफिसात असताना फोन आला. त्या खोलीतल्या पिल्लांना पार्व्हो झाला होता. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, दोन दिवस सलाईन. ठिपकेवालं गेलं होतं. निवारा बाहेरच्या लोकांसाठी बंद. "सांगायचं होतं, ताई. तुम्ही वाट बघत असाल." मी जागेवरून उठून पायऱ्यांवर जाऊन बसले. ज्याला एकदाच हातात घेतलं त्याच्यासाठी रडायचा मला हक्क आहे का, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. रात्री लेकीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्याला अजून नाव नव्हतं ना?"

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

तुम्ही पिल्लू आणायच्या विचारात असाल तर हा भाग गाळून वाचू नका. निवारा कितीही स्वच्छ असला तरी तिथं रोज रस्त्यावरून नवीन आजारी जनावरं येतात. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला धोका असतोच. फॉर्म भरला म्हणजे ते पिल्लू आपलं झालं असं घरातल्या मुलांना सांगू नका. आम्ही सांगितलं होतं.

आठवड्यानं पुन्हा फोन. दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या ठेवलेल्या खोलीत एक पिल्लू होतं. खताच्या पोत्यात घालून कुणीतरी रस्त्याकडेला टाकलेलं, मादी. दातांवरून वय काढून जन्मतारीख लिहिली होती, 'अंदाजे 10 जुलै'. 4 सप्टेंबरला तिला पहिली एकत्रित लस दिली होती, म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची. "घर बघायला मी रविवारी येते. आणि ती सही."

14 सप्टेंबरला निवाऱ्यातली ती मुलगी घर बघायला आली. दारातच चपला काढून दुसऱ्या पिशवीत घातल्या, हातपाय धुतले. मी पोहे केले होते. कर्जदाराच्या घरी तपासणीला गेलं की तेही पोहे करतात, आणि पोहे खाल्ल्यावर भिंतीचे तडे कमी दिसतात, हा माझा अनुभव. हिनं आधी सगळं घर बघितलं, मग पोहे खाल्ले. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये चार बोटं घातली. "एवढ्या फटीतून पिल्लू सरळ जातं." आमचा दुसरा मजला. जाळी मारून घ्यायची (380 रुपये, खालचाच वेल्डर), मोबाईलच्या चार्जरच्या वायरी वर घ्यायच्या, उंदराचं औषध घरात ठेवायचं नाही. सोसायटीचं काय, असं मी विचारलं. तिनं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकाची प्रत दिली. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. ती मी पुढं महिनाभर पर्समध्ये बाळगली, दाखवायची वेळ आली नाही. चेअरमनकाकांची एकच अट: लिफ्टमध्ये घाण केली तर पुसायची. हे मी लिफ्टमध्ये पान थुंकणाऱ्यांसाठीही लागू करा म्हणाले, तो विषय तिथंच संपला.

मग ती मामांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. "आजोबा, तुम्हाला कुत्रं चावलं होतं का कधी?"

बारा वर्षांत आमच्यापैकी कुणी न विचारलेला प्रश्न तिनं आल्यापासून अर्ध्या तासात विचारला.

मामा दहा वर्षांचे होते, म्हणजे 1962 च्या आसपास. राधानगरी तालुक्यातलं गाव. खळ्यावर खेळताना पिसाळलेल्या कुत्र्यानं दोघा पोरांना धरलं. मामांच्या वडिलांनी त्यांना गाडीत घालून कोल्हापुरात आणलं, शिवाजी पेठेत मावशीकडं ठेवलं आणि चौदा दिवस रोज सकाळी मोठ्या दवाखान्यात नेलं. चौदा इंजेक्शनं पोटात. "बेंबीभवती. रोज नवी जागा हुडकायचे. शेवटी शेवटी पोट अस्सं फुगलेलं, हात लावू द्यायचं न्हाई." मावशीचा नवरा पाय धरायचा, ती डोकं धरायची.

"आणि दुसरा मुलगा?"

"त्याला आणलं न्हाई. मांत्रिकाकडं नेलं."

पुढं मामा काही बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. आत्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनाही दुसऱ्या मुलाचं माहीत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

रात्री मी शोधून वाचलं. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरनं 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली. आपल्याकडं तिचं उत्पादन थांबलं 2004 च्या डिसेंबरात. म्हणजे आमचं कॉलेज संपेपर्यंत ती चौदा इंजेक्शनं देशात होती, आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो.

तर सही. मामांनी त्या मुलीकडून फॉर्म मागून घेतला, 'शेरा' लिहिलेल्या रकान्यात कंडक्टरच्या रेखीव अक्षरात तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. एक: मी हात लावणार नाही. दोन: माझ्या खोलीत यायचं नाही. तीन: सुईची तारीख चुकवायची नाही.

मुलीनं वाचून फॉर्म पिशवीत ठेवला. "तिसरी आमचीपण अट आहे," एवढंच म्हणाली.

करारपत्रही तिनं तेव्हाच दिलं. स्टँपवर करायचं का, असं मी सवयीनं विचारलं. शंभरचा ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही, पाचशेचा आणावा लागेल, हेही सांगून टाकलं. ती म्हणाली, साध्या कागदावरच करतो ताई, पाचशेत आमची अंडी-चिकन येतात. करारातलं महत्त्वाचं एवढंच: सहा महिन्यांची झाल्यावर नसबंदी करायची, दिवसभर साखळीला बांधायचं नाही, सहा महिने दर महिन्याला फोटो पाठवायचा, आणि काही कारणानं ठेवता आलं नाही तर परस्पर कुणाला न देता निवाऱ्याकडंच परत आणायचं. फी काही नाही. आम्ही तांदळाचं पोतं दिलं.

21 तारखेचा रविवार सोयीचा होता, पण ती सर्वपित्री अमावस्या. पितृपक्षात घरात नवीन काही आणायचं नाही, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. आत्यांचं म्हणणं वेगळं होतं, या पंधरवड्यात कावळ्याबरोबर कुत्र्याचंही पान काढतात, मग कुत्र्याला कसला आलाय पितृपक्ष. शेवटी दोन्ही बाजूंचा मान राखून सोमवारी, 22 सप्टेंबरला, घटस्थापनेदिवशी आणायचं ठरलं. मी अर्धी रजा टाकली.

निवाऱ्यातून निघताना तिच्या अंथरुणातला फडक्याचा तुकडा मागून घ्या. ओळखीचा वास असला की रात्र जरा बरी जाते. आम्हाला हे त्यांनीच सांगितलं. जुना टॉवेलही दोन न्या. रिक्षात ती माझ्या मांडीवर दोनदा ओकली, रिक्षावाल्या काकांनी गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली दिली आणि पैसे घेताना म्हणाले, "नाव काय ठेवलंय?"

नाव घरी आल्यावर पडलं. बाल्कनीत उन्हात ठेवलं तेव्हा तिचा रंग नीट दिसला. सावलीत तपकिरी, उन्हात आतून लालसर, कडेला सोनेरी. आत्यांचं माहेर गुऱ्हाळाचं. "ही तर काहिलीतनं काढलेली काकवी," त्या म्हणाल्या. काकवीच झाली.

पहिल्या रात्री काकवी अडीचपर्यंत रडली. खोक्यात फडकं, त्याखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली (कोमट म्हणजे खरंच कोमट, मनगटावर बघून), शेजारी मी जमिनीवर. उचलून गादीवर घ्यायचा मोह खूप होतो. हात खोक्यात सोडून झोपले. मामांच्या खोलीचं दार बंद होतं, खालच्या फटीतून दिवा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आमची चूक झाली. हे गाव दुधाचं. कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या लोकांना, पिल्लाला दूध घालू नका हे सांगून पटत नाही. शेजारून वाटीभर आलं, आत्यांनी प्रेमानं घातलं, रात्रभर जुलाब. आदल्या पंधरवड्यातला पार्व्होचा फोन डोक्यात असल्यानं माझी झोप उडाली. सकाळी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पार्व्हो नाही, दूध पचलेलं नाही. आईचं दूध सुटलं की म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना सोसत नाही. मऊ भात, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं बिनमिठाचं चिकन आणि पिल्लांचं कोरडं खाणं भिजवून. कांदा-लसूण त्यांना विषासारखा, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला एक घोटही नाही. शिजवलेलं कोंबडीचं हाड तर नाहीच, त्याचे चिरफळे होऊन आतडं फाटतं. आमच्याकडं रविवारी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगावं लागतं आणि प्रत्येक पाहुणा म्हणतो, "आमच्या गावाकडची कुत्री तर हाडावरच जगतात."

25 सप्टेंबर, गुरुवार: दुसरी एकत्रित लस, 750 रुपये. वजन तीन किलो दोनशे. लसीच्या पुस्तकात जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी 'एनडी' लिहिलं. नॉन-डिस्क्रिप्ट, म्हणजे वर्णन करता न येण्यासारखी. लेकीला हे मुळीच पटलं नाही. तिनं घरी येऊन वहीचं पानभर वर्णन लिहिलं आणि पुस्तकात खोचलं. अजून आहे.

रेबीजची लस मात्र तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत. तोपर्यंत कुणाला दात लागला तर माणसानं लस घ्यायची, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि त्याला हलणारी प्रत्येक गोष्ट चावायची असते, हे तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं.

28 च्या रविवारी संध्याकाळी मामा देवघराकडं निघाले आणि हलणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या लेंग्याचं टोक होतं. ते काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी आंघोळीनंतर आत्यांना घोट्यावरचा चरा दिसला. दोन इंच, लाल, रक्त आलेलं नाही. मामा म्हणाले, "खिळा लागलाय." आत्या म्हणाल्या, "खिळ्याला चार दात असत्यात का?"

चरा बारका असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा. हे लगेच करायचं असतं, आम्ही चौदा तासांनी केलं. मी घड्याळ लावून पाणी सोडत होते आणि मामा बादलीकडं बघत होते. मग सरकारी दवाखाना. केस पेपर, रांग, दीड तास. नोंद करणाऱ्या सिस्टरनी विचारलं, आधी कधी रेबीजची लस घेतलीय का? मामा पहिल्यांदाच जरा ताठ झाले. "चौदा घेतल्यात. पोटात."

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, खुर्ची ओढून मामांसमोर बसले. "आजोबा, ती जुनी लस धरत नाहीत आता. नव्यानं सुरुवात करायची."

"धरत न्हाईत म्हंजे?"

"म्हणजे ती घेतलेली असली तरी नसल्यासारखीच मानायची."

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. साठ वर्षांपूर्वीचा हिशोब कुणीतरी रद्द केला होता. मी कर्ज फेडलेल्या माणसाला पावती सापडत नाही म्हणून परत बोलावलंय, तेव्हा असा चेहरा बघितलाय.

रक्त न येता नुसता चरा असेल तर लस पुरते. रक्त आलं असतं तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. चार फेऱ्या: पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांना कातडीत एक-एक थेंबासारखी टोचणी. मामांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली होती. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, बाही वर करा फक्त." दहा सेकंदांत झालं. मामा दंडावरच्या मसुराएवढ्या फुगवट्याकडं बघत राहिले. "एवढंच?"

बाहेर रिक्षाची वाट बघताना ते म्हणाले, "त्या पोराचं नाव शिवा." मग रिक्षा आली.

तिसरा दिवस 2 ऑक्टोबर, दसरा. सुट्टीच्या दिवशी लस अपघात विभागात मिळते, हे आधी विचारून ठेवा. आम्ही ओपीडीच्या बंद दारापुढं अर्धा तास उभे होतो. केस पेपर सोडला तर पैसे लागले नाहीत. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहतंय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते काम मामांनी स्वतःकडं घेतलं. कॅलेंडरवर 8 ऑक्टोबरपर्यंत रोज एक खूण. लांबून बघायचे, जेवली का, पाणी प्यायली का. 6 तारखेला तिसरी फेरी, 27 ला चौथी. त्याच कॅलेंडरवर त्यांनी तिच्याही तारखा घालून टाकल्या: 16 ऑक्टोबर, एकत्रित लस आणि रेबीजची पहिली, 13 नोव्हेंबर, रेबीजची दुसरी. जंताची गोळी आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपायची तारीख निळ्या पेननं, तिची लाल.

मधल्या गोष्टी भरभर सांगते. शेवटच्या एकत्रित लसीनंतर दोन आठवड्यांनी, 30 ऑक्टोबरनंतर, तिला खाली जमिनीवर सोडलं, तोवर कडेवर. दिवाळीत फटाक्यांचे तीन दिवस बाथरूममध्ये पंखा आणि रेडिओ लावून तिच्याबरोबर आळीपाळीनं बसलो. वर्तमानपत्रावर शू करायला शिकली पाच आठवड्यांत, आणि अजून कुणी पेपर वाचत जमिनीवर ठेवला की तो तिच्यासाठीच ठेवलाय असा तिचा समज आहे. डिसेंबरात गोचीड झाले. हातानं उपटू नका, तोंड आत राहतं. डॉक्टरांकडून गोळी घ्या. गोचिडाचा ताप हा आपल्याकडं कुत्र्यांना वारंवार होणारा आजार आहे, तेव्हा खाणं टाकलं की वाट बघत बसू नका.

17 जानेवारी 2026, शनिवारी नसबंदी. आदल्या रात्रीपासून उपाशी, सकाळी रक्ततपासणी, संध्याकाळी घरी. 4,500 रुपये, शिवाय गळ्यातलं प्लॅस्टिकचं नरसाळं अडीचशे. आतापर्यंतचा खर्च मांडला तर लसी, औषधं, डॉक्टर, पट्टा, भांडी, जाळी, ऑपरेशन मिळून साडेदहा हजारांच्या आसपास, रोजचं खाणं वेगळं. पिल्लू फुकट मिळतं, ही दिराची समजूत तेवढी बरोबर आहे.

आता तुम्हाला वाटत असेल की मामा तिला मांडीवर घेऊन बसतात. नाही. मामांनी आजपर्यंत तिला हात लावलेला नाही. पहिली अट शाबूत आहे.

टाके निघेपर्यंत दहा दिवस चाटू द्यायचं नव्हतं, आणि नरसाळं ती अर्ध्या तासात काढायची. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, आत्या दुपारी आडव्या. मामांनी खुर्ची आपल्या खोलीच्या दारात ओढली आणि गुंडाळलेला पेपर हातात घेऊन बसले. मान वळली की पेपर खुर्चीच्या दांडीवर आपटायचा. "काकवी. चाटायचं न्हाई." 27 तारखेला टाके काढताना डॉक्टर म्हणाले, जखम फार छान भरलीय.

खुर्ची दारातून परत आत गेलेली नाही. दुपारी मामा तिथंच बसतात आणि काकवी हॉलमध्ये पसरते, हनुवटी मात्र दारातल्या संगमरवरी पट्टीवर. ती पट्टी खोलीत धरायची की बाहेर, याचा निकाल मामांनी अजून दिलेला नाही.